हातचा न लागणारी शेवटची ओळ : १२३४५६७८९८७६५४३२१ च्या नोंदी

३ नोव्हेंबर, सोमवार

२२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी सोसायटीच्या वाचनालयात भिंतीवर तक्ता लावायचा आहे. जागा खिडकी आणि कपाट यांच्यामधली, मोजून सहा फूट. काम माझ्याकडे आणि पुतणीकडे (इयत्ता आठवी). पाय (π) नको, सगळे तेच करतात, हे तिचं पहिलं वाक्य. रामानुजनांची १७२९ सुद्धा नको, ती गेल्या वर्षी शाळेत झाली. "काका, आपल्या डोंबिवलीचं काहीतरी घेऊ ना."

गणितात डोंबिवलीचं काय असणार, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, आहे की! दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव जगभर माहीत आहे, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलंही. पण त्यांनी 'डेम्लो संख्या' नावाचा एक प्रकार केला, आणि डेम्लो म्हणजे जी. आय. पी. रेल्वेच्या काळातलं आपलं डोंबिवली स्टेशन. कल्पना तिथे सुचली म्हणून नाव तिथलं. त्यांतल्या सगळ्यात प्रसिद्ध या: १, १२१, १२३२१, १२३४३२१… म्हणजे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग.

ठरलं: या रांगेतली नववी घ्यायची. १११११११११ चा वर्ग.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकच संख्या, तिच्याबद्दल जे जे सापडेल ते सगळं. पुतणीने वहीवर 'प्रकल्प' लिहून खाली तीन रेघा ओढल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

हाताने गुणाकार केला, चौकटीच्या वहीत. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं, म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज. पहिल्या घरात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या घरात नऊच्या नऊ, आणि पुढे पुन्हा उतार. याला गुणाकार म्हणायचीही गरज नाही. एकावर एक रचलेल्या विटा मोजल्या इतकंच.

पुतणीचं निरीक्षण वहीत जसंच्या तसं: "कुठेच हातचा नाही."

हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, पण असं कधी म्हटलं नव्हतं. मधलं घर नऊपर्यंत भरलं आणि घरात मावण्याची मर्यादाही नऊच. दहा एक घेतले तर मधल्या घरात १० येईल आणि हातचा द्यावाच लागेल. म्हणून आपली संख्या या रांगेतली हातचा न लागणारी शेवटची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्रांकडून पडताळा घ्यायचं ठरवलं आणि संध्याकाळ त्यातच गेली.

घरातल्या हिशेबाच्या १२ अंकी कॅल्क्युलेटरने हात टेकले. ते अपेक्षितच होतं. स्प्रेडशीटने उत्तर दिलं १२३४५६७८९८७६५४३००. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये १११११११११*१११११११११ लिहिलं तर १२३४५६७८९८७६५४३२०. दोन यंत्रं, दोन उत्तरं, दोन्ही चूक. शेवटचा अंक १ च असणार हे दुसरीतलं पोर सांगेल, कारण १ गुणिले १.

कारण शोधलं, ते मजेशीर निघालं. ही यंत्रं आकडा ६४ बिटांत साठवतात, पण नेमक्या अंकांसाठी अचूकता ५३ बिटांचीच. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्याच्या पुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम पूर्णांक बसतात. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात, आणि विषम. तिला जागाच नाही. शेजारच्या …३२० आणि …३२२ पैकी एक निवडावी लागते, ब्राउझरने …३२० निवडली. स्प्रेडशीट त्यावर आणखी एक करते: पंधरा अंकांपुढे सरळ शून्यं दाखवते.

पायथॉन या संगणक-भाषेत पूर्णांकांना असं बंधन नाही. तिथे बरोबर आलं. यापुढे सगळं पायथॉनमध्ये किंवा हाताने.

९ नोव्हेंबर, रविवार

ही संख्या वाचायची कशी? पुतणीने शाळेच्या पद्धतीने स्वल्पविराम दिले: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या पुढे गाडी अडली.

बाबा पेपर वाचत होते. न मागताच म्हणाले, "आण इकडे." आणि उजवीकडून बोट ठेवत म्हणत गेले: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली ही अठरा नावं त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलेली. आपली संख्या सतरा अंकी. परार्धाला एक घर बाकी राहतं.

मग बाबांनी ती डावीकडून वाचली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. श्वास न घेता. चढताना आवाज चढला आणि अर्बुदानंतर उतरला. पुतणीने दोनदा पुन्हा म्हणायला लावलं आणि तिसऱ्यांदा मोबाइलवर टिपून घेतलं.

तक्त्यावर प्रत्येक अंकाखाली त्याच्या घराचं नाव घालायचं. हे माझ्या डोक्यात नव्हतं, बाबांचं श्रेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मूळ अवयव. संख्या वर्ग असल्यामुळे १११११११११ फोडलं की झालं. नऊ एकांचे तीन-तीनचे गट केले: १११ | १११ | १११. म्हणजे १११ × १००१००१.

१११ = ३ × ३७.
१००१००१ = ३ × ३३३६६७.

आता ३३३६६७ आणखी फुटते का? उद्या बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

'उद्या'चे तीन दिवस झाले.

३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये. म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा. त्या आहेत १०६. यंत्र हे क्षणात सांगेल, पण पुतणीला हाताने करायचं होतं आणि १०६ भागाकार करायला लावले असते तर वहिनींनी माझा भागाकार केला असता. म्हणून आधी थोडा विचार.

३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला निःशेष भाग जातो (भागाकार २९९७). त्यामुळे ३३३६६७ ला जर एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर तिनेही ९९९९९९९९९ ला भाग जाणार. आता १ ला त्या मूळ संख्येने भागत गेलं की दशांशातले अंक किती घरांनी फिरून येतील? नऊ घरांनी, किंवा नऊच्या विभाजकाइतक्या, म्हणजे तीन किंवा एक. एक घराचा फेरा फक्त ३ चा. तीन घरांचा फक्त ३७ चा. ३ नाही चालत, कारण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८. ३७ ही नाही, ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १. थोडक्यात हुकली. उरला नऊचा फेरा. आणि फेरा नऊचा असेल तर मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ९ ने भाग गेला पाहिजे. शिवाय ती विषम, म्हणजे १८ ने.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा! त्यातली ३७ आधीच बाद. सोळा भागाकार आम्ही वाटून घेतले. १९ ची बाकी ८. ७३ ची ५७. शेवटची ५७७ माझ्या वाट्याला, बाकी १६१. एकानेही भाग गेला नाही.

३३३६६७ मूळ आहे. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

पुतणीला १०६ चे १६ कसे झाले ते अजून पूर्ण पटलेलं नाही. ७३, १०९ वगैरेंनी भाग देऊन फेरे मोजायला सांगितलेत, म्हणजे तिचं तिलाच दिसेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

विभाजक: ५ × ३ × ३ = ४५. बावीस जोड्या आणि मधली एकटी १११११११११. बावीसचा संबंध २२ तारखेशी जोडायचा मोह पुतणीला झाला. मी नाही म्हटलं.

काही जोड्या बघून मात्र आम्ही दोघंही गप्प झालो:

३७ × ३३३६६६९९९६६६३३३
३३३६६७ × ३६९९९९९९९६३
१२३२१ × १००२००३००२००१

शेवटची माझी आवडती. डेम्लो रांगेतली तिसरी संख्या नवव्या संख्येचीच विभाजक आहे, आणि तिचा जोडीदार म्हणजे तीच १, २, ३, २, १ ची चढउतार, मध्ये दोन-दोन शून्यं घालून पातळ केलेली. आणखी एक, जोडी नसली तरी लिहून ठेवतो: ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गाडीत बसायला मिळालं (हीसुद्धा नोंद करण्यासारखी गोष्ट). तिकिटाच्या मागे आकडेमोड. संख्या मधून तोडली, उजवीकडे नऊ अंक ठेवून:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

ठाणे येईपर्यंत योगायोग वाटला. मुलुंडला लक्षात आलं, नाही. नऊ अंकी तुकडे पाडून बेरीज करणं म्हणजे ९९९९९९९९९ ने भाग जातो का ते तपासणं, जसं अंकांची बेरीज करून ९ चं तपासतात. भाग जातो. म्हणजे आपली संख्या = ९९९९९९९९९ × १२३४५६७९.

१२३४५६७९. आठ नाही!

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस त्या आठमध्ये गेला, आणि सार्थकी गेला.

१२३४५६७९ ही शाळेतली जुनी गंमत. ९ ने गुणा, १११११११११. १८ ने गुणा, २२२२२२२२२. ८१ ने गुणा, ९९९९९९९९९. गंमत सगळ्यांना येते. आठ कुठे गेला हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पुतणीने विचारलं.

८१ पटीत ९९९९९९९९९ म्हणून १ भागिले ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आता दुसऱ्या बाजूने बघू. दशांश चिन्हाच्या पुढच्या घरांत क्रमाने ०, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२… असे भरत जायचे, कायमचे. त्यांची बेरीजही १ भागिले ८१ च येते. पण १० एका घरात मावत नाही. तो आपला १ डावीकडे हातचा म्हणून देतो. डावीकडच्या घरात ९ बसलेला. तो १० होतो, शून्य लिहितो आणि पुन्हा १ डावीकडे ढकलतो. तिथे ८ आहे. ८ चा ९ होतो. हातचा तिथे थांबतो.

म्हणजे आठ हरवलाच नाही. तो ९ झाला, आणि मूळचा ९ शून्य झाला. आपण ज्याला १२३४५६७९ मधला ९ समजतो तो बढती मिळालेला आठ आहे.

लगेच दहा एकांचा वर्ग काढून पाहिला: १२३४५६७९००९८७६५४३२१. तिथेही तेच. मधल्या घरात १०, हातचा चढत गेला, डावीकडचा ९ शून्य, ८ चा ९. उतरताना मात्र आठ जागेवर आहे, कारण हातचा उजवीकडे जात नाही.

मग शेवटचा प्रश्न. आपल्या संख्येत १२३४५६७९ हा अवयव आहे, त्यात आठ नाही. तरी आपल्या संख्येत आठ दोनदा कसा? ९९९९९९९९९ ने गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं देऊन तीच संख्या एकदा वजा करणं:

१२३४५६७९०००००००००
वजा १२३४५६७९

उजवीकडे नऊ शून्यं, त्यातून काही वजा होत नाही, म्हणून डावीकडच्या ९ कडून १ उसना घ्यायचा. ९ चा ८ झाला. डावा भाग १२३४५६७८, उजवा ९८७६५४३२१.

हातच्याने नेलेला आठ उसनवारीने परत आला. पुतणीने टाळी दिली. मी ही नोंद लिहिताना अजून खुश आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन कामं.

एक, हर्षद. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला 'हर्षद' म्हणायचं, हेही नाव कापरेकरांचंच. आपल्या अंकांची बेरीज ८१. भाग जातो, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, १५२४१५७८९९७१०४१. पहिल्या नऊ डेम्लोंपैकी किती हर्षद? बेरीज दर वेळी एकांच्या संख्येचा वर्ग येते, म्हणून प्रश्न इतकाच उरतो: दोन एकांना २ ने, तीन एकांना ३ ने… भाग जातो का? फक्त १, ३ आणि ९ ला जमतं. म्हणजे १, १२३२१ आणि आपली.

दोन, सगळ्या ४५ विभाजकांची बेरीज: १८९५४२७९५९२८२७५७९. काहीही नक्षी नाही. मला हे आवडलं. महिनाभर जिथे बोट ठेवावं तिथे रांगोळी निघत होती, त्यामुळे संशय यायला लागला होता की आपणच रांगोळ्या वेचतोय. ही बेरीज तक्त्यावर घालायचीच. पुतणीचा विरोध आहे, "घाण दिसते." चर्चा चालू.

४ डिसेंबर, गुरुवार

कापरेकरांच्या हजारेक वर्षं आधी महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह'मध्ये (इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात) १२३४५६५४३२१ दिली आहे: एकपासून सहापर्यंत चढणारी आणि मग उतरणारी. तिथे ती २७९९४६८१ × ४४१ या गुणाकाराचं उत्तर म्हणून येते. आम्ही तपासलं: ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे सहा एकांचा वर्गच, फक्त वेश बदललेला. तक्त्याच्या सहाव्या ओळीशेजारी हे लिहायचं.

७ डिसेंबर, रविवार

संख्या लिहायचा पाया दहाऐवजी दुसरा घेतला तर? सोळाच्या पायात एका घरात पंधरापर्यंत मावतं, म्हणून तिथे चढण पंधरा ओळी चालते. दोनच्या पायात दुसऱ्याच ओळीला मोडते: ११ चा वर्ग १००१. तक्त्यावर नको, गर्दी होईल.

१३ डिसेंबर, शनिवार

छापून आलेल्या विभाजकांच्या यादीत चूक. आणि चूक छापणाऱ्याची नाही, माझी. ६ नोव्हेंबरला स्वतःच्या हाताने लिहूनही यादी मी स्प्रेडशीटमधून दिली, कारण रकाने सरळ येतात.

पकडली पुतणीने. "काका, विषम संख्येला शून्यावर संपणारा विभाजक कसा?" ४५ पैकी तीनच ओळी बिघडल्यात: सोळा अंकी दोन आणि सतरा अंकी ती स्वतः. ज्या संख्येचा तक्ता तीच चुकीची. तीन पट्ट्या पुन्हा छापून वर चिकटवायच्या:

१३७१७४२१०९७३९३६९
४११५२२६३२९२१८१०७
१२३४५६७८९८७६५४३२१

बदल्यात 'घाण दिसणारी' बेरीज कोपऱ्यात ठेवायला ती तयार झाली आहे.

२० डिसेंबर, शनिवार

तक्ता लागला. एका अंकाला चार इंच घर, नवव्या ओळीची सतरा घरं म्हणजे ६८ इंच. ७२ इंचांच्या भिंतीवर दोन्हीकडे दोन-दोन इंच मोकळे. खाली बाबांच्या अक्षरात मध्यापासून एकपर्यंतची नावं. आठवर आम्ही लाल रंग दिलाय, दोन्हीकडे.

दहावी ओळ, हातचा चढलेली, सगळ्यात खाली घ्यायची असा पुतणीचा हट्ट. ती एकोणीस अंकी, ७६ इंच. डावीकडून चिकटवत आलो तर शेवटचा १ भिंतीवर मावला नाही. तो कपाटाच्या फळीवर वळवून लावलाय. ग्रंथपालबाईंना सांगितलंय, त्या बाजूचं दार उघडताना जरा जपून.